मायावी आणि सूत्रधार

गड्ड्याच्या यात्रेंत जादूगाराच्या तंबूंत शिरणारा मनुष्य फसण्यासाठींच तिकीट काढतो. परंतु ज्यास फसवावयाचें त्यास सारें गुपित आधींच ठाऊक असेल, आणि निवाडाहि त्यानेंच द्यावयाचा असेल, तर जादूगारानें काय करावें? हा प्रश्न आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस घातला, आणि तो निघाला एका खेळावरून.

खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. टेबलाभोंवतीं चारपांच जण बसतात व एकेका पात्राचें सोंग घेतात. एक जण (त्यास आम्ही सूत्रधार म्हणूं) बाकीचें सर्व जग चालवितो. राक्षस, राजे, पाऊस, दारावरचे पहारेकरी, सगळे त्याच्या मुखानें बोलतात. निकाल अनिश्चित असेल तेथें फांसा टाकावयाचा. पात्रें विसाव्या पायरीपर्यंत चढत जातात. केवळ मायेवर निर्वाह करणारा मांत्रिक, म्हणजे मायावी, या खेळांत १९७५ सालीं आला. आम्हांस तो सर्व पात्रांत अधिक वाङ्मयीन वाटतो, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

अग्निगोल टाकणाऱ्या मांत्रिकाचें काम सोपें. आठ फांसे टाकावे, बेरीज करावी, राक्षस तितका भाजला. मायावी मात्र भिंत दाखवितो. पाहणाऱ्यानें आपली पाळी खर्चून ती निरखली, तर फांशाच्या बळावर तिचें खोटेपण त्यास कळूं शकतें, असा नियम आहे. पण त्यानें निरखावें कां? समोरची भिंत ही भिंतच आहे ना, हें आपणांपैकीं रोज कोण तपासतो? येथें ग्रंथ मोघम आहे. सूत्रधारानें ठरवावयाचें, आणि भिंत नाहीं हें सूत्रधारास तर पक्कें ठाऊक! एका सुटीच्या दिवशीं आम्ही या मंडळींत प्रेक्षक म्हणून बसलों होतों. सूत्रधाराचा प्रत्येक पहारेकरी एकाएकीं नैयायिक झालेला पाहून आम्हांस हंसूं आलें. मायावी झालेली विद्यार्थिनी मात्र तिसऱ्या भिंतीनंतर गप्प झाली, व पुढें नुसते अग्निबाण सोडीत बसली. तिच्या जागीं आम्हीहि तेंच केलें असतें.

कोलरिजनें १८१७ सालीं काव्याच्या वाचकाकडून अविश्वास आपखुषीनें दूर ठेवण्याची अपेक्षा केली. वाचकास तो स्वतःपुरता आवरावयाचा असतो. सूत्रधारास तो पहारेकऱ्याच्या वतीनें आवरावयाचा. हें अधिक कठीण आहे.

वरच्या पायऱ्यांवर तर अडचण दुणावते. बॅलोर नांवाच्या राक्षसास १२० फुटांपर्यंत सत्यदृष्टि असते, आणि तिच्यापुढें साधी माया टिकत नाहीं. तेव्हां तेथें मायावी निरुपयोगी, असें आमच्या मंडळींचें मत. आम्हांस तें उतावळेपणाचें वाटतें. २०१४ च्या आवृत्तींत चौदाव्या पायरीवरच्या मायाव्यास एक विलक्षण शक्ति दिली आहे: आपल्या मायेंतील एक निर्जीव वस्तु तो एक मिनिटभर खरी करूं शकतो. तिनें कोणास इजा मात्र होत नाहीं. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकावर असा पूल पडला, तर मिनिटभर खरीं माणसें त्यावरून पलीकडे जातील, आणि सत्यदृष्टीचा राक्षस नुसता पाहत राहील. याहून मोठा एक मंत्र एक चौरस मैल भूमीचें रूप, नाद, गंध व स्पर्श दहा दिवस पालटून टाकतो.

पण सत्यदृष्टीचा एवढा धसका तरी कां घ्यावा? वाल्मीकीच्या अरण्यकांडांत ती लक्ष्मणापाशीं होती. हा मृग नव्हे, मारीच आहे, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. तरी राम गेलाच. माया उघडी पडूनहि माया सफल झाली, कारण मारीचानें काय दाखवावें हें नीट निवडलें होतें. सीतेस तो मृग हवा होता. आणि मयसभा? दुर्योधन स्फटिकास पाणी समजला व पाण्यास स्फटिक, इतकें सर्वांस आठवतें. परंतु सभापर्वांत पुढें एक उघडें दार त्याला लागतें, आणि तें बंद आहे असें समजून तो माघारा फिरतो. खोटें खरें भासविणें ही मायेची पहिली इयत्ता. खऱ्यावरचा विश्वास उडविणें ही शेवटची. तेथें सत्यदृष्टि नसलेल्यापुढें मंत्रहि लागत नाहीं.

म्हणून आम्हीं सूत्रधारास एवढेंच सुचविलें कीं, खेळ सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक पहारेकऱ्यास काय हवें आहे व तो कशास भितो, हें एका वहींत लिहून ठेवावें, आणि मग त्या लेखास बांधलेलें राहावें. त्यानें थोड्या कुरकुरीनंतर मान्य केलें.

पुढच्या बैठकीस त्या विद्यार्थिनीनें दोन दारें मायेचीं उभारलीं. पहारेकरी त्यांतून आरपार गेले. तिसरें दार खरें होतें. धांवत आलेल्या नाईकानें त्यावर कपाळ आपटलें. सूत्रधार क्षणभर रागावला. मग वही उघडून त्यानें ती आमच्यापुढें सरकविली. नाईकाच्या नांवापुढें, दुसऱ्या दाराच्या वेळीं, त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें होतें: 'आतां दारांवर विश्वास नाहीं.'