घरची आणि घरच्यासारखी

मूल सांभाळायला येणाऱ्या परक्या स्त्रीला मराठी घर ‘मावशी’ म्हणते. हे संबोधन इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागील निवड सहसा लक्षात येत नाही. तिला ‘आत्या’ का म्हटले जात नाही, असा प्रश्न केला की ती उघड होते. आत्या पित्याच्या कुळातली. बारशाला बाळाचे नाव ठेवण्याचा मान तिचा, आणि भावाच्या घरी रुसण्याचा, मागण्याचा हक्कही रूढीने तिला दिलेला. मावशी आईच्या बाजूची. या घरात तिला मायेचा अधिकार आहे, मानपानाचा नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मावशीचा गौरव करते खरी. पण तो गौरव आईची जागा भरून काढण्याच्या तिच्या क्षमतेचा आहे, तिचा स्वतःचा नव्हे. जवळ घेण्याची भाषा बोलत असतानाच कुळापासून चार हात दूर ठेवण्याची सोय या एका शब्दात आहे.

‘आया’ या शब्दाचा प्रवासही असाच सूचक. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील आजीवाचक शब्दात शोधले जाते. मराठीत येताच तो ‘आई’च्या अनेकवचनाशी एकरूप झाला. कोशात या दोन नोंदी वेगळ्या राहतात. कथात्म साहित्यात त्या तितक्या वेगळ्या राहत नाहीत, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय हीच सरमिसळ आहे. पगारावर मूल सांभाळणारी स्त्री कुटुंबाची होते ती कोणत्या अटीवर?

मराठी परंपरेतील सर्वांत परिचित दाखला धाराऊंचा. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला आणि सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या. सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे दूधआई म्हणून राजांच्या आयुष्यात आल्या. अंतोजी आणि रायाजी हे त्यांचे पुत्र राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. येथे लक्षात घ्यावयाचा तपशील हा की दूधआई एकटी आत येत नाही. तिची मुले तिच्यासोबत नात्यात येतात, सेवेत येतात. मोगल दरबारातही ‘कोका’ म्हणजे दूधभाऊ ही मानाची ओळख होती. अकबराचा दूधभाऊ अझीझ कोका साम्राज्याचा मोठा सरदार झाला. सरंजामी व्यवस्थेत दुधाचे नाते म्हणजे निष्ठा निर्माण करण्याचे साधन होते आणि त्या निष्ठेची किंमत उघडपणे मोजली जात असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तिने दाईच्या पोटच्या मुलांना अदृश्य केले नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

ऐतिहासिक कादंबरीने हा हिशेब पुसला. शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ (१९७९) मध्ये धाराऊ ठळकपणे वावरतात, परंतु त्या वावरतात वात्सल्यमूर्ती म्हणून. नाते राजकीय होते हे मागे पडते आणि ओथंबलेली माया तेवढी पुढे येते. अंतोजी-रायाजींच्या वाट्याला किती दूध उरले, हा प्रश्न वात्सल्याच्या भाषेत विचारताच येत नाही. तसा तो विचारणे वाचकालाही अप्रशस्त वाटेल, आणि ही अप्रशस्तता आपल्या मध्यमवर्गीय वाचनसंस्काराची देणगी आहे.

या संस्काराचे सर्वांत नितळ रूप ‘मोलकरीण’ (१९६३) या चित्रपटात दिसते. सुलोचनाबाईंनी रंगवलेली आई स्वतःच्याच मुलाच्या घरी ओळख लपवून मोलकरीण म्हणून राहते आणि नातवाला सांभाळते. कथानकाची ही युक्ती भाबडी म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ‘मोलकरीण’ या शब्दातच मोल आहे. पण पडद्यावरील स्त्री प्रत्यक्षात आई आहे, आजी आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्याचे अश्रू त्या गुप्त नात्यासाठी वाहतात. रक्ताचे नाते नसते, तीच बाई तेच काम तितक्याच मायेने करीत असती, तर चित्रपट घडला नसता. परक्या बाईने घरची होण्याची कल्पना मांडायची तर ती मुळात घरचीच निघावी लागते. मोलाचा प्रश्न अशा रीतीने सुटत नाही, तो रद्द होतो. सुलोचनाबाईंच्या अभिनयातील संयम या योजनेला जे बळ देतो, ते एरवी तिच्यात नाही, हेही नमूद करायला हवे.

या पार्श्वभूमीवर महाश्वेतादेवींची ‘स्तनदायिनी’ ही बंगाली कथा वाचली म्हणजे फरक ध्यानात येतो. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या अनुवादामुळे आणि त्यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात केलेल्या विवेचनामुळे ती समीक्षेच्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. जशोदा हालदारांच्या घरची मुले अंगावर पाजते. तिचे मातृत्व हाच तिचा व्यवसाय होतो आणि घर तिला देवत्व देते. पुढे तिला स्तनाचा कर्करोग होतो, आणि जिने इतकी मुले पाजली तिच्या मृत्यूच्या वेळी त्यांपैकी कोणीही जवळ नसते. नायिकेचे नाव यशोदेचे असावे यातील उपरोध सांगायची गरज नाही. पुराणातली यशोदा पाळणारी आणि पूतना पाजता पाजता मारणारी. परक्या स्त्रीच्या दुधाविषयी आपल्या मनात असलेली श्रद्धा आणि धास्ती या दोन प्रतिमांत वाटली गेली आहेत. महाश्वेतादेवींची कथा तिसरी शक्यता पुढे करते: पाजणारी स्वतःच मरते.

आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील खरवईसारख्या ठिकाणी हा विषय कोणत्या रूपात उभा आहे, ते पाहावे. जुन्या गावाला लागून नव्या इमारती, आणि मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवरचे बदलापूर स्थानक. नोकरी करणारी आई सकाळची लोकल गाठते तेव्हा मूल झोपलेले असते आणि ती परतते तेव्हा पेंगुळलेले. त्याच्या जागेपणाचा बहुतेक काळ मावशीचा. पहिले पाऊल, पहिला शब्द, पडून आलेले टेंगूळ ती पाहते आणि संध्याकाळी आईला त्यातले काय सांगायचे, काय गाळायचे ते ठरवते. आईच्या जिवाला लागू नये म्हणून पहिले पाऊल न सांगणे, हे निवेदनशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण कृत्य आहे: साक्षीदार जाणूनबुजून मौन पत्करतो, जेणेकरून दुसऱ्या दिवशी तेच पाऊल आईसमोर ‘पहिले’ म्हणून पडावे. महिनाअखेरीस याच घरात तिचे खाडे मोजले जातात, उचल वळती केली जाते, आणि तिचा चहाचा कप कधी कधी वेगळा असतो. ‘आमच्या घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य बहुधा याच सुमारास, पगारवाढीचा विषय निघाला असता उच्चारले जाते. या ‘सारखी’मध्ये साम्य आहे तितकीच सीमारेषाही आहे.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यासाठी ‘घरेलू’ हे हिंदी वळणाचे विशेषण घ्यावे लागले, याची भाषाभ्यासकांनी नोंद घ्यावी. घरात येऊन पगारावर माया करणाऱ्या बाईसाठी मराठीत एकीकडे मावशी होती, दुसरीकडे मोलकरीण. दोहोंना एकत्र धरणारा शब्द नव्हता. बेबी हालदार यांचे ‘आलो आँधारि’ (२००२) हे आत्मकथन असा शब्द शोधण्याच्या अधिक जवळ जाते. घरकाम करणारी स्त्री येथे स्वतः लिहिते; मालकाला ती ‘तातुश’ म्हणते, म्हणजे नाते जोडणारे संबोधन या वेळी तिच्या बाजूने येते, आणि तिची मुले तिच्याबरोबर त्याच घरात राहतात. धाराऊंच्या कथेतील तो विसरला गेलेला तपशील येथे परत येतो.

मराठी कथा-कादंबरीत मावशीचे मूल क्वचितच दिसते. खरवईतल्या मावशीला घर असेल, तिथे दोन-तीन वर्षांचे मूलही असेल, आणि ती दिवसभर दुसऱ्याचे मूल खेळवीत असताना त्याला शेजारीण किंवा सात-आठ वर्षांची थोरली बहीण सांभाळत असेल. त्या थोरलीला धाकटे भावंड काय म्हणून हाक मारते, आणि ती शाळेत जाते की नाही, येथून एखादी कादंबरी सुरू होऊ शकते.