परिषदेची भाषा आणि रमाबाईंच्या ‘आठवणी’

डिसेंबर 1887 मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाच्या वेळी सामाजिक परिषदेचा प्रारंभ झाला. महादेव गोविंद रानडे आणि तंजावरी मराठी घराण्यातील दिवाणबहादुर आर. रघुनाथराव हे तिचे प्रवर्तक. विधवाविवाह शास्त्रसंमत आहे, हे रघुनाथराव संस्कृत ग्रंथांच्या आधारे आग्रहाने मांडीत. या वादात विधवा बहुधा चर्चेचा विषय होती. बोलणारी ती क्वचितच होती.

रमाबाई रानडे यांचा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) हा ग्रंथ या दृष्टीने पाहावयास हवा. न्यायमूर्तींच्या चरित्राचे साधन म्हणूनच तो अधिक वाचला गेला. वस्तुतः त्याच्या प्रत्येक पानाची निवेदिका एक विधवा आहे.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे निवर्तले, तेव्हा रमाबाईंना 39वे वर्ष पुरे व्हावयाचे होते. सहवास 27 वर्षांचा. 1873 मध्ये प्रथम पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनी 11 वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला, हा विरोधही या सहवासाच्या मुळाशी आहे. अखेरच्या आजारपणाच्या चित्रणात मात्र थोर पुरुष आणि अनुयायिनी हे नाते पालटते. दुखणे अंगावर काढणारा रोगी आणि न सांगता ते ओळखणारी पत्नी यांत जाणती व्यक्ती पत्नीच ठरते. शोकाचा उद्गार येथे विरळा. शुश्रूषेच्या तपशिलांतच तो मुरला आहे.

पतीचे नाव न घेता रमाबाई ‘स्वतः’ म्हणतात. 1938 च्या इंग्रजी अनुवादाने त्यावरूनच ‘हिमसेल्फ’ असे शीर्षक घेतले. रीतीने दिलेला हा शब्द वैधव्यानंतर निराळा अर्थ धारण करतो: जे ‘स्वतः’ होते तेच हरपले, आता लिहिणारी ‘मी’ कोण?

ग्रंथ पतीच्या मृत्यूपाशी थांबतो आणि या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ही त्याची मर्यादा खरीच. 1909 पासून पुणे सेवासदनाच्या द्वारे स्त्रीशिक्षण व परिचारिकांचे प्रशिक्षण उभारणाऱ्या रमाबाई त्यात भेटत नाहीत. परंतु रोग्याच्या उशाशी घालविलेल्या रात्रींची साक्ष परिषदेच्या भाषेत मावणारी नव्हती. ती मराठी गद्यात नोंदविली गेली, हे या ग्रंथाचे स्थायी मोल होय.