भस्मासुर नव्हे, माणूसच

वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाने मराठी वाचकांना हिटलरच्या राजवटीचा विस्तृत परिचय करून दिला. ग्रंथाचे हे ऋण मान्य करून येथे केवळ त्याच्या शीर्षकातील रूपकाचा विचार करावयाचा आहे. कारण तपशील विसरले तरी शीर्षक वाचकाच्या मनात राहते.

या रूपकात एक मर्म निश्चित आहे. भस्मासुराला वर मिळालेला असतो. हिटलरही ३० जानेवारी १९३३ रोजी रीतसर नेमणुकीने चॅन्सेलर झाला आणि २२ मार्चला डाखाउची छळछावणी सुरू झाली. परंतु असुर भस्म झाला की कथा संपते. शिवाय पुराणांतील असुर म्हणजे जेत्यांनी बदनाम केलेले येथील मूळ लोक, अशी मांडणी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) केली. स्वतःला आर्य म्हणविणाऱ्या नाझींना तेच नाव देणे हा विपर्यास होय.

तथागतांनी अंगुलिमालालाही राक्षस मानले नाही. तो माणूस होता. म्हणून बदलू शकला आणि म्हणूनच भिक्खू झाल्यावरही त्याला आपल्या कर्माचे फळ सोसावे लागले. छळछावण्याही माणसांनीच चालविल्या: नोंदवह्या, क्रमांक आणि कैद्यांच्या कपड्यांवरील रंगीत त्रिकोण यांच्या आधारे. काळा त्रिकोण ‘समाजविघातक’ ठरविलेल्यांचा. अनेक रोमा स्त्री-पुरुषांवर तो लादला गेला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झमधील रोमांची छावणी विषारी वायूने संपविण्यात आली.

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य तेथे पोहोचले तेव्हा सुमारे सात हजार कैदी उरले होते. छावणी सुटली, शिक्का सुटला नाही. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संघीय न्यायालयाने रोमांच्या १९४० मधील हद्दपारीला वांशिक छळ मानण्याचे नाकारले आणि त्यांच्या कथित गुन्हेगार वृत्तीकडे बोट दाखविले. त्यांच्या वंशसंहाराला शासनाची मान्यता मिळावयास १९८२ साल उजाडले. भस्मासुराच्या कथेत या सदतीस वर्षांना जागा नाही.

ही जागा मराठी वाचकाला लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) सापडते. १८७१ च्या कायद्याने येथेही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात काटेरी तारांच्या आड त्यांची वसाहत उभी राहिली. ही वसाहत म्हणजे संहारछावणी नव्हे. दोहोंची बरोबरी करणे दोन्ही दुःखांवर अन्याय ठरेल. परंतु माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरविणारी दृष्टी एकच आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पोलिसांचा संशय, धाडी आणि मारहाण मात्र थांबली नाही, हीच ‘उचल्या’ची साक्ष आहे.

तार तोडणे म्हणजे सुटका. तार उभारणारी दृष्टी नष्ट होणे म्हणजे मुक्ती. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो या दुसऱ्या कार्यासाठी. म्हणून पुण्यातील विहारांच्या अभ्यासवर्गांत ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली जावीत. पहिल्यातून घडलेले कळेल. दुसऱ्यातून, असुर मेल्यावरही काय शिल्लक राहते, ते कळेल.