स्तोत्र १३९ : चोविसाही वचने वाचावीत

खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावातल्या विणकरांचा पट्टा. हातमागांच्या जागी बहुतेक ठिकाणी यंत्रमाग आले, पण ताणा, बाणा आणि धोटा यांची ओळख इथे कोणाला करून द्यावी लागत नाही. अशा वस्तीत जुन्या करारातले १३९वे स्तोत्र वाचायला घेतले, की त्याचा मधला भाग चटकन मनाला भिडतो. आईच्या उदरात देह कसा घडला, हे हा हिब्रू कवी विणकामाच्या भाषेत सांगतो. कोणाला दिसत नाही अशा ठिकाणी कारागीर माणसाला विणत बसला आहे, आणि विणून व्हायच्या आधीच त्याच्या आयुष्याचे दिवस त्याने लिहून ठेवले आहेत.

बेळगावला ही कविता परकी नाही. 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली याच शहरात झाला. ते इथल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्माही इथेच घेतला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवले. १९२२ साली त्या गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. रेव्हरंड टिळकांनी तर ख्रिस्तभक्तीला अभंगाचा साजच चढवला. त्यामुळे ही स्तोत्रे मराठी मंडळींच्या तोंडी रुळली आहेत.

ती रुळली याचे एक कारण त्यांच्या रचनेतच आहे. हिब्रू स्तोत्रात यमकाला फारसे स्थान नाही. एक ओळ काही सांगते आणि दुसरी तेच नव्या अंगाने सांगते, वाढवते किंवा उलटवते. लय मुख्यतः अर्थाची असल्याने भाषा बदलली तरी ती बरीचशी टिकते. उपासनेत पाळक एक वचन वाचतात आणि मंडळी पुढचे वाचते, तेव्हा ही दुपदरी बांधणी कानाला स्पष्ट जाणवते.

स्तोत्राचे चार भाग पडतात, प्रत्येकी सहा वचनांचे. पहिल्या भागात देवाला सारे ठाऊक आहे : उठणे, बसणे, जिभेवर न आलेला शब्दसुद्धा. तो पुढून आणि मागून घेरतो. हे घेरणे कवचाचे की वेढ्याचे, हे कवी उघड करत नाही. त्याच्या बोलण्यात विस्मय आहे तसा धाकही आहे. म्हणूनच दुसऱ्या भागात तो पळायच्या वाटा मोजतो. वर आकाश, खाली मृतांचा लोक. एका टोकाला पहाट, दुसऱ्या टोकाला समुद्र. पॅलेस्टाईनच्या माणसाला समुद्र पश्चिमेला, म्हणजे उगवतीपासून मावळतीपर्यंतचा सारा पल्ला त्यात आला. उरतो तो अंधार, आणि तोही देवापुढे अंधार राहत नाही. इथे पळणे संपते आणि तिसऱ्या भागातले विणकाम सुरू होते. लपायला जागा नाही हीच गोष्ट आता आधाराची होते, कारण पाहणारा तोच घडवणाराही आहे. सबंध स्तोत्रात कवी देवाला एकेरीत बोलतो. विठ्ठलाला एकेरीत हाक मारणाऱ्या संतांच्या वाचकाला ही जवळीक वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग एकोणिसाव्या वचनापाशी सूर फाटतो. दुष्टांचा नाश व्हावा असे कवी म्हणतो आणि आपला द्वेष मोकळेपणी बोलून दाखवतो. ही चार वचने उपासनेला अवघड वाटतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या कॅथलिक प्रहर-प्रार्थनेतून ती वगळली गेली. २४ जूनला, योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या जन्माच्या सणाला, मिस्सामध्ये या स्तोत्रातील निवडक वचने प्रतिसादाला घेतली जातात. त्या दिवशी गर्भातल्या घडणीची वचने शोभतात आणि तेवढीच घेणे समजण्यासारखे आहे.

पण स्तोत्र म्हणून वाचताना ती चार वचने गाळली, तर शेवटच्या दोन वचनांचा पाया निघून जातो. सुरुवातीला कवी सांगतो, की देवाने त्याला पारखले आहे. अखेरीस तोच पारखण्याची विनवणी करतो आणि आपल्यातच काही वाईट वाट आहे का, ते पाहायला सांगतो. आरंभी जे नुसते कथन होते, ते शेवटी मागणे झाले. हा बदल द्वेषाच्या वचनांनी घडवला. शत्रूंवर बोट ठेवल्यानंतरच त्याला स्वतःच्या मनाची शंका आली. रागाने पेटलेला माणूस देवापुढे राग लपवत नाही आणि त्या रागाचा निवाडाही स्वतः करत नाही. तो देवाच्या हाती सोपवतो. या कवितेची थोरवी मला इथे दिसते, विणकामाच्या सुंदर वचनांपेक्षाही इथे.

म्हणून पाळकांना आणि उपासना चालवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे : वर्षातून एकदा तरी हे स्तोत्र मंडळीपुढे पहिल्या वचनापासून चोविसाव्या वचनापर्यंत, काही न गाळता वाचा.