अरावा भाषाकुल आणि त्याची आदिभाषा : साक्ष, नाव व नाते

दोन भाषा एका कुलातील आहेत असे म्हणणे म्हणजे त्यांच्यामागे एकेकाळी एकच भाषा बोलली जात होती असे विधान करणे होय. हे विधान ऐतिहासिक स्वरूपाचे आहे, आणि इतर कोणत्याही ऐतिहासिक विधानाप्रमाणे त्यालाही पुराव्याची जबाबदारी टाळता येत नाही. मराठीच्या अभ्यासकाला ह्या जबाबदारीचे ओझे सहसा जाणवत नाही. ‘दहा’ ह्या शब्दामागे प्राकृत ‘दह’ आणि त्याच्याही मागे संस्कृत ‘दश’ लिखित स्वरूपात उभे असतात. झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीचा इतिहास मांडला, तेव्हा तिची पूर्वपीठिका ग्रंथांत आणि शिलालेखांत उपलब्ध होती. परंतु जगातील बहुसंख्य भाषाकुलांच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. त्यांचा पूर्वज कोणी लिहून ठेवलेला नाही. तो हयात वंशजांच्या तुलनेतून सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध होण्यापूर्वीच नात्याचा निर्णय दिला तर काय घडते, ह्याचे एक बोधप्रद उदाहरण दक्षिण ॲमेझॉनच्या खोऱ्यातील अरावा ह्या लहानशा भाषाकुलात सापडते.

ह्या कुलातील भाषा प्रामुख्याने ब्राझीलमध्ये पुरूस आणि ज्युरुआ ह्या नद्यांच्या व त्यांच्या उपनद्यांच्या परिसरात बोलल्या जातात. कुलिना भाषेचे काही भाषक पेरूच्या हद्दीतही आहेत. मदी (हिच्याच जारावारा, जामामादी व बनावा ह्या बोली), कुलिना, देनी, पौमारी आणि सुरुवाहा ह्या आजच्या जिवंत भाषा. ज्या सहाव्या भाषेवरून कुलाला नाव मिळाले ती अरावा मात्र नामशेष झाली आहे. विल्यम चँडलेस ह्या इंग्रज प्रवाशाने १८६७ मध्ये ज्युरुआ नदीचा प्रवास केला. त्या प्रवासात त्याने अरावा शब्दांची एक छोटी यादी टिपून घेतली. प्रवासाचा वृत्तान्त १८६९ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८७७ मध्ये गोवराच्या साथीने अरावा लोकांची वाताहत झाली आणि त्यानंतर ही भाषा बोलणारे कोणी उरले नाही. एका प्रवाशाच्या वहीतील काही शब्द एवढीच त्या भाषेची मालमत्ता आज शिल्लक आहे.

१८९१ मध्ये डॅनियल ब्रिंटन यांनी अमेरिकेतील वंश व भाषा यांचे वर्गीकरण करताना ह्या भाषांचा स्वतंत्र गट मानला आणि त्याला अरावाचे नाव दिले. गटाची ही कल्पना मुळात योग्यच होती. परंतु पुढे ह्या गटाच्या स्वतंत्र अस्तित्वाचा विसर पडला. १९३८ पासून पॉल रिव्हे व कॉन्स्तां तास्तव्हँ यांनी ह्या भाषांची सामग्री पॅरिसच्या अमेरिकाविषयक संशोधनपत्रिकेत विस्ताराने प्रसिद्ध केली. त्या लेखमालेच्या शीर्षकातच पुरूस व ज्युरुआ येथील ह्या भाषांना ‘अरावाक भाषा’ म्हटले असून ‘अरावा गट’ हे शब्द केवळ कंसात आले आहेत. अरावाक हे कॅरिबियन समुद्रापासून बोलिव्हियापर्यंत पसरलेले एक विशाल भाषाकुल आहे. त्याचे नाव गियाना प्रदेशातील एका भाषेवरून पडले. ‘अरावा’ आणि ‘अरावाक’ ह्या दोन नावांतील साम्य हा निव्वळ योगायोग आहे. पण अशा साम्याची पकड ढिली व्हायला पुष्कळ काळ जावा लागतो. लहान गट मोठ्या कुलात एकदा सामावला गेला, की पुढील वर्गीकरणकार त्याची पुन्हा चौकशी न करता तोच निर्णय उचलतात. तक्त्यातील जागा हीच जणू पुरावा ठरते.

वस्तुतः ह्या निर्णयाची तपासणी करण्याचे साधन फार पूर्वीच उपलब्ध झाले होते. फिलिप्पो साल्व्हातोरे जिली ह्या इटालियन मिशनऱ्याने १७८२ मध्ये ओरिनोकोकाठची मायपुरे आणि दूर दक्षिणेकडील मोहो ह्या दोन भाषांचे नाते ओळखले, ते त्यांच्या पुरुषवाचक उपसर्गांच्या आधारे. कार्ल फॉन देन श्टायनेन यांनी १८८६ मध्ये ह्याच कुलाला ‘नु-अरुआक’ असे नाव दिले, कारण प्रथमपुरुषी एकवचनाचा ‘नु’ हा उपसर्ग त्या कुलाची खूण म्हणून त्यांच्या नजरेत भरला होता. अरावाक कुलाच्या आदिभाषेसाठी प्रथमपुरुषी ‘नु’ आणि द्वितीयपुरुषी ‘पि’ असे उपसर्ग सामान्यतः मानले जातात. अरावा कुलातील जारावारा किंवा कुलिना भाषेत मात्र त्यांच्या जागी ‘ओ’ आणि ‘ति’ आढळतात. जी खूण एका कुलाची ओळख म्हणून मान्य झाली होती, ती दुसऱ्या गटात नाही. एवढेच नव्हे, तर तिच्या जागी त्या गटाची स्वतःची, आपसांत जुळणारी खूण आहे. एवढ्याने नाते असंभवनीय ठरत नाही हे खरे. परंतु नाते आहे असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार येऊन पडतो, आणि तो भार समाधानकारकपणे कोणी उचललेला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानात येते. १९९९ मध्ये ॲमेझॉनच्या भाषांवरील ग्रंथात त्यांनी अरावा कुलाचे स्वतंत्र विवेचन केले आणि अरावाकशी त्याचे नाते सिद्ध झालेले नाही असे स्पष्ट बजावले. २००४ मध्ये त्यांचे जारावाराचे विस्तृत व्याकरण अॅलन व्होगेल यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आदि-अरावाच्या ध्वनिव्यवस्थेची पुनर्रचना मांडणारा त्यांचा दीर्घ निबंधही प्रकाशित झाला. ह्या निबंधाचा पहिला गुण असा, की तो बाहेरच्या कोणत्याही कुलाकडे पाहत नाही. कुलातील भाषांचे शब्द एकापुढे एक मांडून, ध्वनींची नियमित अनुरूपता शोधून, त्या अनुरूपतेचे स्पष्टीकरण देऊ शकेल अशी पूर्वावस्था तो कल्पितो.

ह्या पद्धतीचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने दाखविता येईल. पाण्याला जारावारात ‘फाहा’ म्हणतात. त्यातील पहिला वर्ण ओठांतून घर्षणाने उच्चारला जातो. पौमारीत पाण्याला ‘पाहा’ असा शब्द आहे. एक जोडी म्हणजे नियम नव्हे. परंतु अशीच अनुरूपता शब्दामागून शब्दात दिसू लागली, म्हणजे मूळ ध्वनी ओष्ठ्य स्पर्श असावा आणि जारावारात त्याचे घर्षक झाले असावे असे अनुमान करता येते. स्पर्शाचे घर्षक होणे ही सर्वत्र आढळणारी घटना आहे. मराठीतही ‘फ’ हा महाप्राण स्पर्श पुष्कळांच्या बोलण्यात घर्षक होऊ लागला आहे. उलट दिशेचा प्रवास क्वचितच आढळतो. ‘फाहा’ बोलणाऱ्यांची संख्या किती आणि ‘पाहा’ बोलणाऱ्यांची किती, हा प्रश्न येथे गौण ठरतो; निर्णय होतो तो परिवर्तनाच्या संभाव्य दिशेवरून.

जारावाराची ध्वनिव्यवस्था अगदी आटोपशीर आहे : चार स्वर आणि अकरा व्यंजने. कुलिना व देनी ह्या भाषांत अल्पप्राण व महाप्राण स्पर्श वेगवेगळे राखले गेले आहेत. पौमारीची व्यंजनमालाही जारावारापेक्षा मोठी आहे. आदिभाषा जारावारासारखी आटोपशीर होती असे मानले, तर इतर भाषांत एकाच ध्वनीचे दोन ध्वनी कोणत्या परिस्थितीत झाले ते सांगावे लागते. आणि तशी परिस्थिती दाखविता येत नसेल, तर भेद मूळचाच होता व मदीत तो लोपला असेच म्हणावे लागते. म्हणून आदि-अरावाची व्यंजनमाला मदीच्या व्यंजनमालेहून मोठी कल्पिली जाते. सर्वांत साधी दिसणारी भाषा ही सर्वांत जुनी, हा सामान्य माणसाचा समज येथे टिकत नाही.

ह्या पुनर्रचनेचे मोल मान्य करूनही तिच्या मर्यादांची चर्चा करणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा साक्षीदारांच्या विषमतेची. जारावाराचे व्याकरण आहे, कोश आहे, संहिता आहेत. सुरुवाहा लोकांचा बाह्य जगाशी नियमित संपर्क १९८० पासूनचा. त्यामुळे त्यांच्या भाषेची नोंद साहजिकच उशिरा सुरू झाली. आणि अरावाची तर केवळ ती १८६७ ची यादी. चँडलेस इंग्रज होता, आणि इंग्रजीत ‘क’ व ‘ख’ यांचा भेद अर्थभेदक नाही. मराठी भाषकाला जो भेद कानाने सहज कळतो तो ज्याच्या मातृभाषेत नाही, अशा प्रवाशाने तो टिपला नसेल, तर अरावा भाषेत तो भेद नव्हता असे म्हणता येत नाही. अशा यादीचा उपयोग नाते सुचविण्यापुरता निर्विवाद आहे. ध्वनिव्यवस्थेच्या सूक्ष्म प्रश्नांवर मात्र तिचे मौन हे मौनच समजले पाहिजे, नकार नव्हे.

दुसरी मर्यादा अधिक तात्त्विक आहे. डिक्सन यांनीच १९९७ मध्ये भाषांच्या उदयास्ताविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले होते, की वंशवृक्षाची प्रतिमा भाषेतिहासाच्या काही अल्प कालखंडांनाच लागू पडते. दीर्घ समतोलाच्या काळात शेजारी भाषा एकमेकींचे गुण उचलतात व वृक्षाच्या फांद्या परस्परांत गुंततात. अरावा भाषांच्या बाबतीत हा इशारा खुद्द त्यांच्या पुनर्रचनेलाही लागू करावयास हवा. पुरूसच्या काठी अपुरिना ही अरावाक कुलातील भाषा शेजारीच नांदत आली आहे. शिवाय अरावा भाषकांचे आपापसांतील व्यवहार आहेतच. अशा वेळी एखादा शब्द तीन भाषांत सापडला, तर तो वारशाने आला की हातोहात फिरला, हे केवळ शब्दाच्या आढळावरून ठरत नाही. ध्वनिनियमांची गाळणी येथे उपयोगी पडते. परंतु लहान वर्णमालेच्या भाषांत उसना शब्दही ह्या गाळणीतून निसटू शकतो, विशेषतः ज्या ध्वनींत बदलच झालेला नाही अशा ध्वनींनी तो बनलेला असेल तर.

ह्यावरचा उपाय शब्दसंग्रहापेक्षा व्याकरणात शोधला पाहिजे. ह्या कुलात पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोन लिंगे असून स्त्रीलिंग हे सामान्य, म्हणजे अचिन्हित लिंग आहे. जारावारात विधानार्थी क्रियापदाला स्त्रीलिंगी ‘के’ व पुल्लिंगी ‘का’ असे प्रत्यय लागतात. मराठीत पुरुष ‘मी आलो’ म्हणतो व स्त्री ‘मी आले’ म्हणते. जारावारात बोलणारा पुरुष असला तरी पुरुषवाचक सर्वनामांशी क्रियापद स्त्रीलिंगीच राहते. शेजाऱ्याकडून शब्द घेणे सोपे असते. इतकी आतवर रुजलेली व्यवस्था प्रत्ययांसकट उचलणे सोपे नसते. १९९५ मध्ये डिक्सन यांनी जारावारातील स्वामित्वदर्शक नामांची वरवर अनियमित दिसणारी लिंगरूपे एका जुन्या, नियमित प्रत्ययव्यवस्थेच्या संकोचातून कशी निर्माण झाली हे दाखविले. एकाच भाषेतील आजची अनियमितता ही कालची नियमितता असते, ह्या तत्त्वाचा तो सुंदर प्रयोग आहे. अशा प्रकारच्या अंतर्गत पुराव्याची इतर अरावा भाषांतील पुराव्याशी पद्धतशीर सांगड घातली गेली, म्हणजे आदि-अरावा ही शब्दांची सूची न राहता भाषेचे रूप धारण करील.

तिसरा प्रश्न कुलांतर्गत शाखांचा. दोन भाषांनी जुने काही समान राखले म्हणून त्या एका शाखेतील ठरत नाहीत. दोघींनी मिळून काही नवे केले असेल तरच ठरतात. कुलिना व देनी यांनी महाप्राण राखले, हे त्यांच्या विशेष जवळिकीचे प्रमाण होऊ शकत नाही. त्यांची जवळीक अन्य कारणांनी निर्विवाद आहे, हा भाग वेगळा. २००८ मध्ये श्टेफान डीन्स्ट यांनी अरावा कुलाच्या अंतर्गत वर्गीकरणाचा स्वतंत्र विचार केला आणि पुढे २०१४ मध्ये कुलिनाचे विस्तृत व्याकरण प्रसिद्ध केले. जारावाराच्या तोडीचे दुसरे सविस्तर वर्णन त्यामुळे हाती आले. तोवरची पुनर्रचना नकळत जारावाराच्या खिडकीतून पाहिली जात होती, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सर्वस्वी अन्याय्य ठरला नसता.

अरावा कुलाच्या ह्या इतिहासातून पद्धतीचा एक क्रम स्पष्ट होतो. आधी कुलातील भाषांचे वर्णन, मग त्यांच्या आदिभाषेची सिद्धी, आणि त्यानंतरच दूरच्या नात्यांचा शोध. सुट्या आधुनिक शब्दांची सुट्या आधुनिक शब्दांशी तुलना करून मोठी कुले उभारणे म्हणजे आजोबांची ओळख पटण्यापूर्वीच गोत्र ठरविणे होय. उद्या आदि-अरावा आणि आदि-अरावाक यांची तुलना होऊन नाते सिद्ध झाले, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. मात्र तो निर्णय नावांच्या साम्यावर नव्हे, तर दोन सिद्ध पूर्वजांच्या साम्यावर उभा असेल.

हा क्रम पाळण्यास लागणारा अवधी मात्र अमर्याद नाही. जारावाराचे व्याकरण लिहिले गेले तेव्हा तिच्या भाषकांची संख्या दोनशेच्या आतच होती. बनावाचे भाषक त्याहूनही थोडे. पौमारी समाजात पोर्तुगीजचा वापर वाढत गेला आहे. आदिभाषेच्या प्रत्येक तारकाचिन्हांकित रूपामागे ह्या भाषा बोलणाऱ्या माणसांची साक्ष असते, आणि ती साक्ष पुन्हा विचारता येते हेच हयात भाषेचे वैशिष्ट्य होय. जारावारातील एखादे रूप संशयास्पद वाटले, तर अभ्यासकाला ते उच्चारणाऱ्याकडे परत जाता येते. अरावाच्या बाबतीत हा मार्ग १८७७ मध्ये बंद झाला. चँडलेसने जो शब्द जसा लिहिला तसाच तो आता राहणार. उरलेल्या पाच भाषांपैकी कोणतीही अशा एखाद्या यादीपुरती उरण्यापूर्वी तिची नोंद पूर्ण होणे, ही आदि-अरावाच्या पुढील प्रत्येक संशोधनाची पहिली अट आहे.