आंबा नासका की आढी?

अबू घ्रैब तुरुंगातील छायाचित्रे एप्रिल २००४मध्ये जगासमोर आली, तेव्हा अमेरिकी सरकारचे उत्तर तयार होते : ही मूठभर नासक्या आंब्यांची करणी. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी ‘द लुसिफर इफेक्ट’ (२००७) या जाडजूड पुस्तकात नेमकी उलटी बाजू मांडली. आंबे बरे होते, आढीच नासलेली होती.

त्यांचा आधार म्हणजे त्यांचाच १९७१चा स्टॅनफर्डचा प्रयोग. विद्यापीठाच्या तळघरात लुटुपुटीचा तुरुंग, काही तरुण पहारेकरी, काही कैदी. दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला, इतके पहारेकरी हाताबाहेर गेले. परिस्थितीच माणसाला क्रूर करते, हा त्यांचा निष्कर्ष. पण त्या तुरुंगाचे अधीक्षक होते खुद्द झिम्बार्डो! आणि ‘वॉर्डन’ झालेला त्यांचा सहकारी एका मवाळ पहारेकऱ्याला ‘जरा कडक हो’ म्हणून समजावतो आहे, असे ध्वनिमुद्रणही पुढे उजेडात आले. परिस्थिती तिथे आपोआप उगवली नव्हती. तिला वरून खतपाणी होते.

झिम्बार्डो हे नुसते भाष्यकार नव्हते. आरोपी सार्जंट आयव्हन फ्रेडरिक यांच्या बाजूने त्यांनी लष्करी न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्या, बाहेरून तोफगोळ्यांचा मारा, खच्चून भरलेल्या कोठड्या, प्रशिक्षणाचा पत्ता नाही. हे वर्णन खरे आहे आणि पुस्तकातला सर्वांत ताकदीचा भागही तोच. मात्र फ्रेडरिक मायदेशी तुरुंगाधिकारी म्हणूनच नोकरी करत होते. कैद्याला कसे वागवायचे नाही, हे त्यांना इराकमध्ये कुणी शिकवण्याची गरज नव्हती. आपण करतो ते चूक आहे हे तेव्हाही कळत होते, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली. शिक्षा झाली आठ वर्षांची.

आता त्याच आढीतले दुसरे आंबे पाहू. मेजर जनरल टागुबा यांच्या चौकशी अहवालात नौदलाच्या विल्यम किम्ब्रो या श्वानपथकातल्या जवानाचा उल्लेख आहे. गुप्तवार्ता विभागाचा मोठा दबाव असूनही गैर चौकशीत भाग घ्यायला त्याने नकार दिला. अहवालाने त्याच्या मोठ्या मनाचे गोडवे गायलेले नाहीत. त्याला आपले कर्तव्य ठाऊक होते, एवढेच म्हटले आहे. हा कोरडा शेरा मला झिम्बार्डोंच्या शेवटच्या प्रकरणापेक्षा मोलाचा वाटतो. त्या प्रकरणात ते छायाचित्रांची सीडी तपास यंत्रणेकडे देणाऱ्या जो डार्बीला ‘नायक’ ठरवतात. नायक सामान्य माणसातूनच येतो, असेही सांगतात. पण नियमाने जे करायलाच हवे, त्याला नायकत्व म्हटले की न करणाऱ्याला आपसूक सूट मिळते. डार्बीने किंमत मोजली हे खरेच. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जाहीर सुनावणीत त्याचे नाव घेतले, आणि धमक्यांमुळे त्याला आपल्या गावी राहता आले नाही.

‘आम्ही हुकमाचे ताबेदार’ हा बचाव न्यूरेंबर्गने नाकारला, तोही एका अटीवर : नैतिक निवड प्रत्यक्षात शक्य असली पाहिजे. किम्ब्रोने ती शक्य असल्याचे दाखवले. पण त्याच काळात जनरल यामाशिता यांच्या खटल्याने दुसरी बाजूही सांगितली, की हाताखालच्यांच्या अत्याचारांसाठी सेनापती जबाबदार. शिपायाचा दोष सिद्ध झाला म्हणून सेनापतीचा कमी होत नाही. जबाबदारी म्हणजे वाटून संपणारी भाकर नव्हे. झिम्बार्डो वरिष्ठांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, हे त्यांचे श्रेय. अडचण अशी, की त्यांच्या मांडणीत एकाचे ओझे वाढले की दुसऱ्याचे हलके होते.

लष्कराने तर अर्धाच कायदा वापरला. ग्रेनर यांना दहा वर्षे, लिंडी इंग्लंड यांना तीन. खटला भरला गेला असा अधिकारी एकच, लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन. २००७मध्ये कैद्यांच्या छळाच्या आरोपांतून ते सुटले. दोषी ठरले ते फक्त एका गोष्टीत : चौकशीबद्दल कुणाशी बोलू नये, हा वरिष्ठांचा हुकूम त्यांनी मोडला होता. जानेवारी २००८मध्ये तेही रद्द झाले.