गुप्तधनाच्या गोष्टीत खांदणारा कुठाय?

देवणी म्हटलं की लोकांना बैल आठवतो. वानेरा, बालंक्या, शेवरा. आमच्या बाजारातलं शेंबडं पोरगंही अंगावरचे डाग बघून प्रकार सांगतं. पण त्याच बाजारात चहाच्या टपरीवर दुसरी एक चर्चा बारमाही चालते, ती गुप्तधनाची. कुणाच्या वाड्यात निजामाच्या रुपयांचा हंडा आहे, कुठल्या बुरुजाखाली नाग बसलाय, कुठं अमावस्येला जाळ दिसतो. पायाळू पोराच्या डोळ्यात काजळ घातलं की जमिनीतलं धन दिसतं, हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की आपण पायाळू का जन्मलो नाही याचं वाईट वाटायचं. मायला बोललो तर ती म्हणाली, "पायाळू असतास तर कुणी जित्ता ठिवला असता का रे तुला?"

माझ्या बापानं असा एक खड्डा खांदलाय. साल 1972च्या दुष्काळानंतरचं. बाप दिवसा खडी फोडायचा. एका वाडेवाल्यानं रातीला बोलावलं, पायलीभर जवारी कबूल केली. तीन राती बाप आणि चुलता कंदिलाच्या उजेडात खांदत होते. वर एक जण लिंबू कापत मंत्र म्हणत बसलेला. निघाल्या विटा. रुंद, जाड, आजच्या विटेपेक्षा चांगल्या मोठ्या. खापरं निघाली, शंखाच्या बांगडीचे तुकडे निघाले. हंडा नाही. वाडेवाला म्हणाला, तुमची सावली पडली म्हणून धन सरकलं. जवारी दिली नाही. खांदेपर्यंत हात चालला, धन न निघाल्यावर विटाळ झाला.

हे सगळं आठवायचं कारण, पुतण्याच्या मोबाईलवर मी 'मानवत मर्डर्स' ही मालिका पाहिली. 2024 सालची, आशिष बेंडे यांचं दिग्दर्शन. रमाकांत कुलकर्णी या मुंबईच्या पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींवरून केलेली. मानवत आपल्या मराठवाड्यातलं, परभणी जिल्ह्यातलं. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात तिथं दहा खून पडले. लहान मुली, बायका, एक तान्हं लेकरू. पिंपळाखालचं धन आणि पोटी मूल, या दोन गोष्टींसाठी हे बळी दिले असा सरकार पक्षाचा आरोप होता. पिंपळावर मुंजा. आता बघा, मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला पोरगा. धनाची राखण जानवंवाला करणार, आणि त्याच्यापुढं रक्त सांडणार कुणाचं, तर रानात शेण्या वेचायला, सरपणाला गेलेल्या लेकीबाळींचं. भुताखेतांतही वर्ण पाळलाय आपल्या लोकांनी!

मालिका बांधीव आहे, नट कसलेले आहेत, ते नाकारत नाही. पण ती बघते कुणाच्या डोळ्यांनी? मुंबईहून जीपमध्ये बसून आलेल्या साहेबाच्या. साहेबाला गाव म्हणजे एक कोडं. ज्या घरची पोरगी गेली त्या घराला ते कोडं नव्हतं, तो रोजचा दिवस होता. आणि दुष्काळ? बहात्तरच्या दुष्काळात माणूस कशावर विश्वास ठेवतो, कशाला हो म्हणतो, हे ज्यानं सुकडी खाल्ली त्यालाच माहीत. दुष्काळ हा त्या गुन्ह्याचा अर्धा आरोपी आहे, पडद्यावर तो नुसता रंग झाला. खटल्यातली मुख्य बाई पारधी. 1871च्या कायद्यानं ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि 1952ला कागदावर सोडलं, त्यांतली. तिच्यावर आणि गावातल्या बड्या असामीवर कटाचा आरोप होता, पण शेवटी ते दोघे सुटले. शिक्षा कायम राहिल्या त्या खालच्या माणसांवर. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1977चा आहे. आपल्या पोरांनी तो मिळवून वाचावा. मालिकेपेक्षा त्यात जास्त मानवत आहे.

दुसरा 'तुंबाड', राही अनिल बर्वे यांचा, 2018चा. हिंदी बोलणारा, पण हाडानं मराठी. काळ 1918 ते 1947, मुसळधार पाऊस, वाडा, खाली देवीचं गर्भ आणि मोहरा बाळगणारा हस्तर. याच्यावर मी चिडायच्या तयारीनं बसलो होतो. पण एक गोष्ट त्यानं खरी केली: ज्याला हाव आहे तोच दोर धरून खाली उतरतो. विनायक स्वतः उतरतो, पुढं पोरालाही उतरवतो. आमच्याकडं हाव एकाची असते आणि उतरतो दुसरा. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा आठवा. बुरुज उभा राहीना म्हणून पायात जिवंत गाडले ते नाथनाक आणि देवकाई. नावातला 'नाक' कुणाचा, ते तुम्हाला सांगायला नको.

आता जमिनीतून खरंच काय निघतं ते बघू. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा माणूस झाडाचं मूळ खांदत होता. त्याच्या कुदळीला चार कांस्यमूर्ती लागल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. साठ किलोच्या वर वजन, हडप्पा काळाशी नातं सांगणाऱ्या. नंतर साळींनी तिथं रीतसर उत्खनन केलं, विद्वानांत काळावरून वाद झाले, पुस्तकं झाली. या भिल्लावर एक मराठी कथा मला दाखवा. हस्तरवर सिनेमा निघतो, छबूवर ओळ नाही. धनाचा कायदा 1878चा. दहा रुपयांवरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, मूळ मालक मिळाला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, जागामालकाला एक. पण सापडवणारा कोण? कुदळ ज्याच्या हातात तो, की रोज ज्यानं दिला तो? माझ्या बापाला कुणी हे विचारलं नव्हतं.

आणि तेर. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. जुनं तगर, ग्रीक खलाशांच्या पुस्तकात ज्याचं नाव आहे ते. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसानं शेतातले मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी आयुष्यभर गोळा केली, त्याचं आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती बाई बघा. तिच्यासारखीच एक 1938 साली पाँपेईच्या राखेत सापडली. तेरला विटांचा स्तूप निघाला. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ म्हणजे मुळातला बौद्ध चैत्य, असं अभ्यासक सांगतात. पाठीकडून अर्धगोल आहे, बाहेरून एक चक्कर मारली तरी दिसतं.

तेर पाहून आल्यावर मला बापाच्या खड्ड्यातल्या विटा आठवल्या. रुंद, जाड. त्या कशाच्या होत्या मला ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही. वाडेवाल्यानं त्या गोठ्याला लावल्या.

म्हणून सांगतो. बाबासाहेबांनी 1948च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या प्रश्नावरच्या पुस्तकात आपलं नातं बुद्धाशी जोडलं. त्या नात्याचा मातीतला पुरावा पांढरीच्या टेकाडांत पडलाय, आणि तो फोडायला रातीला कोण जातंय? आपलीच पोरं. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला एक जण, बी.ए. झालेला, जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असणारा, धातू शोधायचं यंत्र भाड्यानं आणून पांढरीवर गेला. सोबत मांत्रिक. मी विचारलं तर म्हणाला, "काका, नोकरी लावा मंग, नाय जात." मला उत्तर आलं नाही. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा मी त्याला सांगितला. तो हसला.

आमच्या कवितांत गावकूस आलं, मेलेलं ढोर आलं, भाकर आली. हा पोरगा आला नाही. मीही लिहिला नाही. त्या रातीचा खड्डा मी आज पहिल्यांदा कागदावर आणतोय. बाप गेला त्याला वीस वर्षं झाली. चुलता आहे, त्याला कमी ऐकू येतं. पण विटा किती रुंद होत्या असं विचारलं की दोन्ही हात पुढं करून दाखवतो.